तापाच्या ग्रंथाची नक्कल

फार वर्षांपूर्वी बगदादच्या एका ग्रंथालयात तापावरच्या औषधांचा एक ग्रंथ होता. आपल्यासारखा जगात दुसरा नाही, याचा त्याला भारी ताठा. नकलनवीस हारिसने त्याची नक्कल करून कैरोच्या ग्रंथालयाला धाडली, तेव्हा तो फुगूनच बसला. "आता मला कोण विचारणार?"

पुढे नदीला पूर आला. ग्रंथाची मधली पानं धुऊन कोरी झाली. ताप राहिला, औषधं गेली. आता आपली रद्दी होणार, या धास्तीने तो गारठला.

हारिसने कैरोहून नक्कल मागवली आणि एकेक औषध पुन्हा ग्रंथात उतरवलं.

"बरं वाटतंय ना, आजोबा?" नकलेने विचारलं.

"अक्षर गचाळ आहे तुझं," ग्रंथ सुस्कारा सोडत म्हणाला. "पण शब्द एकही गाळला नाहीस, पोरी. दमास्कसला नक्कल धाडायची अजून राहिलीय म्हणावं हारिसला."