थोरातबाबांचा एक प्याला

संतांना जात नसते, कूळ नसते, उपाधी नसते. आमच्या महाराजांना तिन्ही होत्या. ते इंग्रज होते, आजोबांपासून पाद्री होते आणि नावाआधी रेव्हरंड लागे. नगरकडच्या पिंपळवंडीत ते मिशनच्या देवळात राहत. थॉर्नटन हे नाव गावाच्या जिभेला जड, म्हणून लोकांनी त्यांचे थोरातबाबा केले. संताला शोभणारी दाढी मात्र नव्हती. रोज घोटून करीत.

गावातला पहिला बाप्तिस्मा महारवाड्यातल्या सारजाबाईचा. त्यामुळे प्रभुभोजनाचा, सगळ्या मंडळीने मिळून प्यायचा प्याला आधी तिच्या ओठी लागे. पुढे भास्करपंत देवस्थळी ख्रिस्ती झाले. त्यांनी जानवे काढले, पंतपण राहू दिले. त्यांनी स्वतःसाठी चांदीचा वेगळा प्याला घडवून आणला आणि देवळाच्या दाराशी म्हणाले, "सारजे, तू आपली वाटी घरून आणत जा."

"धर्म काय घरनं आणला व्हता, पंत? मग वाटी कशाला आणू?"

पंतांनी बिशपसाहेबांचे कान भरले. ईस्टरला साहेब स्वतः येणार होते. दोन प्याले मांडा, नाहीतर बदलीला तयार राहा, असा त्यांचा महाराजांना निरोप आला. सारजाबाईनेही ठरवले, दुसरा प्याला दिसला की उठायचे ते कायमचे. महाराज पंतांना शांतपणे म्हणाले की देवाला दुसरा प्याला मान्य नाही.

पंत हसले. "मान्य नसेल तर देवानेच तो उचलून न्यावा. मी सारजेच्या मागून पिईन."

हे सगळ्या मंडळीने ऐकले.

ईस्टरच्या सकाळी वेदीवर एकच प्याला! पंतांनी कपाट उघडले, वेदीचे कापड उचलून खाली पाहिले. बिशपसाहेब ताटकळले. मंडळी पंतांकडे पाहू लागली.

"पंत," महाराज म्हणाले, "आपली प्रार्थना पोचली."

सारजाबाई गुडघे टेकून प्यायली. पंत तिच्या शेजारी टेकले. प्याल्याची कड पुसायला त्यांचा हात उपरण्याकडे गेला. महाराज नुसते बघत राहिले. हात खाली आला. पंत प्यायले, आणि उठताना त्यांनी वाकून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. बदलीचे साहेबांनी पुन्हा काढले नाही. देवाशी वाद कोण घालणार?

चांदीचा प्याला सोमवारी महाराजांच्या न्हाणीत सापडला. त्यात दाढीचा ब्रश होता.