ठकू लोहारणीचं मिटतं पान

घाटात अजून गाडीरस्ता झाला नव्हता. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढायचं, आणि घंटा वाजल्या की वरच्या गावांना कळायचं, आज कालवणाला चव येणार. तेव्हाची ही गोष्ट. नक्की केव्हाची ते विचारू नका. उंबरघळीतल्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते डोळे मिटून म्हणतात, फार वर्षांपूर्वी, आणि पुढचं सांगायला लागतात. आपणही तसंच करू.

उंबरघळ हे खिंडीच्या तोंडावरचं गाव. खिंडीची राखण त्या गावाकडे होती आणि गावाला त्याचा भारी अभिमान. वर आलेल्या प्रत्येक बैलामागे मूठभर मीठ गावाला मिळायचं. मिठाचं काही एवढं नव्हतं, पण ते मीठ मान म्हणून मिळायचं. राखणीला प्रत्येक घराचा एकेक वार ठरलेला होता. आज या घराचा, उद्या त्या घराचा. ज्याचा वार तो बुरुजावर जायचा, आणि गावची एकुलती एक बंदूक त्याच्या पाठीला असायची. लांब नळीची, तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे धुमसती दोरी, ती दारूला टेकली की बार उडायचा. बंदुकीचं नाव लांबडी. गावातली माणसं तिच्याबद्दल घरच्या म्हशीबद्दल बोलावं तसं बोलायची, आज लांबडीचं मन नाही, आज लांबडी खूश आहे.

लांबडीचं एक दुखणं होतं. जवळचं ती चोख मारायची, पण दरीपलीकडे गोळी पोचेपर्यंत खाली यायची. मग नळी किती वर धरायची हा ज्याचा त्याचा अंदाज, आणि अंदाजाच्या बाबतीत उंबरघळीतला प्रत्येक पुरुष स्वतःला मोठा जाणकार समजायचा.

गावात केरू लोहार होता. त्याची बायको ठकू. भाता ती ओढायची आणि घणही तीच मारायची. केरूने खूप विचार करून एक युक्ती काढली. नळीच्या टोकाला नेमासाठी बारीक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. केरूने नळीच्या मागच्या अंगाला, डोळ्याजवळ, बोटभर उंच लोखंडी पान उभं केलं आणि पानाच्या माथ्यावर खाच पाडली. खाचेतून पाहून माशी निशाणावर आणली की नळी आपोआप वर उचलली जायची. गोळी दरी ओलांडून पलीकडच्या ढालखडकाला लागली तेव्हा गावाने केरूला खांद्यावर घेतलं होतं.

पण घाटात धुकं फार. दारू आणि तोडा सादळू नये म्हणून राखणदार बंदूक पाठीला लावून वरून घोंगडी पांघरायचे. केरूच्या वाराला, धुकं अजून विरलं नव्हतं अशा वेळी, मिठाच्या तांड्यावर लुटारू चालून आले. केरूने बंदूक ओढली. ते उभं पान घोंगडीच्या लोकरीत अडकलं. त्याने हिसडा दिला, लोकर आणखी गुंतली. तेवढ्यात भाला आला. केरू तिथेच पडला आणि तांडा लुटला गेला.

गाव रडलं, आणि मग गाव बोलू लागलं. केरूच्या शहाणपणानेच केरू गेला, असं पाणवठ्यावर, पारावर, जिथे तिथे ऐकू यायचं. ठकू ऐकायची. नवरा गेल्याचं दुःख तिने गिळलं असतं, पण नवऱ्याचं काम चुकीचं होतं हे तिला गिळवेना. दहाव्या दिवशी बायका तिला नदीवर घेऊन गेल्या. रीतीप्रमाणे पायातली जोडवी काढून पाण्यात सोडायची होती. ठकूने एक सोडलं. दुसरं तिने मुठीत धरून ठेवलं. बायकांनी ते पाहिलं, असं म्हणतात, पण एकीनेही तोंड उघडलं नाही.

पुढे आणखी वाईट झालं. मुलखाच्या सरदाराचा निरोप आला. दिवाळीनंतर मी येतो, बुरुजावरून वाटेच्या तिन्ही जागा तुम्हाला राखता येतात का ते मला दाखवा, नाहीतर खिंडीवर माझी माणसं बसतील. तिन्ही जागा म्हणजे जवळचा उंबर, मधली घसरण आणि दरीपलीकडचा ढालखडक. तुळाजी पाटलांनी ते गावाला सांगितलं आणि चार दिवस ते नीट जेवले नाहीत.

ठकू भट्टीपुढे बसली होती. हातात केरूची चुन्याची पितळी डबी. विडा लावताना तो जशी उघडायचा, मिटायचा, तशी ती नुसतीच उघडत होती, मिटत होती. झाकण उभं राहायचं आणि आडवं व्हायचं. किती वेळ ती तशी बसली होती कोण जाणे. मग तिने छिन्नी घेतली आणि डबीची बिजागरी काढली. तिला उमगलं होतं की केरूचं पान चुकलेलं नव्हतं, ते फक्त सदासर्वदा उभं होतं. कामाला उभं राहावं आणि काम झालं की निजावं, एवढंच त्याला यायला हवं होतं.

पान बिजागरीवर बसलं. पहिल्याच बाराच्या दणक्याने ते आडवं पडलं. मग तिने केरूच्या जुन्या विळ्याच्या पात्याची पातळ पट्टी काढून पानाखाली दाबून बसवली. आता पान उभं केलं की टक वाजायचं आणि उभंच राहायचं, पाडलं की टक वाजायचं आणि नळीला चिकटून बसायचं. तीन दिवस तिची ऐरण थंड झाली नाही, असं म्हणतात. शेवटी तिने ते जोडवं काढलं. उघडून, ठोकून पानाभोवती बसवलं, वरच्या कडेला खाच पाडली. जोडवं पानावर वर सरकायचं, खाली सरकायचं. जवळ मारायचं तर खाली, लांब मारायचं तर वर.

राहिल्या खुणा. उंबराला जोडवं कुठे, घसरणीला कुठे, ढालखडकाला कुठे. आणि इथे ठकू चुकली, अगदी उंबरघळीतलं माणूस चुकावं तशी. त्या गावात अंतर विड्यांत मोजतात. एक विडा तोंडात संपेपर्यंत जेवढं चालणं होतं तेवढा एक विडा. उंबर अर्धा विडा, घसरण एक विडा, ढालखडक चांगले तीन विडे. तिने त्या हिशेबाने पानावर रेघा मारल्या आणि चिंधू कोळ्याला बोलावलं. हा गावातला चांगला नेमबाज, केरूचा मित्र. उंबराला गोळी लागली. घसरणीला थोडी वरून गेली. ढालखडकाला तर अशी वरून गेली की पलीकडच्या रानातले मोर ओरडले.

"वैनी, जोडवं लई वर चढलंय," चिंधू म्हणाला. "गोळी पार डोंगर वलांडून गेली."

"तीन इडं हाईत की भावजी. म्या सोता चालून बघितलं."

चिंधूने दरीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "तुमी दरी उतरला, चढला. गोळी कशाला उतरंल?"

ठकूने कपाळावर हात मारला आणि केरू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. पिढ्यान्‌पिढ्या ते गाव पायाने मोजत आलं होतं, गोळीला पाय नसतात हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने सगळ्या रेघा घासून काढल्या. बायका चुन्याची घमेली डोक्यावर घेऊन गेल्या आणि त्यांनी ढालखडकावर पांढरा पट्टा ओढला, म्हणजे गोळी कुठे लागते ते दिसावं. दारू कमी पडली तेव्हा घराघराने दसऱ्याच्या बारासाठी ठेवलेली आपली मूठ आणून दिली. चिंधू बार काढायचा, ठकू जोडवं केसभर खाली सरकवायची, पुन्हा बार. ढालखडकाचा चुना उडाला तेव्हा जोडवं जिथे होतं, तिथे तिने पानावर तिसरी रेघ मारली.

दिवाळी झाली आणि सरदार आला. दहा घोडेस्वार, आणि त्यांच्यात हैबती नावाचा नेमबाज, ज्याने उडती पाखरं मोजून पाडली होती. तिन्ही जागी मडकी ठेवली. चिंधूने पान उभं केलं, टक. उंबराचं मडकं फुटलं. घसरणीचं फुटलं. ढालखडकाचंही फुटलं. गावाने श्वास सोडला.

पण सरदार म्हणाला, "नेमबाज चांगला आहे तुमचा. पण राखण रोज एका घराची असते ना? तो एक दिवस मारील. बाकीचे दिवस कोण मारणार?"

हैबती हसला. "आन् ते काय बांधलंय बंदुकीला? बाईच्या पायातलं जोडवं?"

त्याचे स्वार हसले. पाटलांची मान खाली गेली. तेव्हा ठकू बायकांच्या घोळक्यातून पुढे आली, पदर सावरला आणि म्हणाली, "जोडवंच हाय दादा. भावजींनी नगं, आता तुमीच मारा."

पाटील तिच्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, काय केलंस हे? त्यो मुद्दाम चुकवंल. आपली खिंड गेली."

ठकू हैबतीकडे बघत होती. त्याने लांबडी हातात घेतली होती आणि आपल्या डोईच्या शेल्याच्या टोकाने तो तिच्या कानावरची, म्हणजे दारू पेटते त्या भोकावरची, राख पुसत होता. परक्या गावची बंदूक, पण हात असा फिरत होता जसा तान्ह्याच्या तोंडावरून फिरावा.

"न्हाई चुकवायचा पाटीलबाबा," ती म्हणाली. "त्येला जमायचं न्हाई ते."

हैबतीने आधी पान पाडूनच टाकलं. स्वतःच्या अंदाजाने नळी उचलली आणि बार काढला. ढालखडकाचं नवं मडकं जागेवरच बसून राहिलं. कोणी हसलं नाही. ठकूने पुढे होऊन पान उभं केलं, टक, आणि जोडवं तिसऱ्या रेघेला नेलं.

"अजून वर धरावं असं वाटंल," ती म्हणाली. "धरू नगा."

आता हैबतीचा खरा पेच होता. मडकं फुटलं तर त्या बाईचं खरं होणार, खिंड गावाकडे राहणार आणि धन्याचा बेत मोडणार. चुकवलं तर धनी खूश, पण स्वतःच्या हाताला तो काय सांगणार होता? तो खूप वेळ खाचेतून बघत राहिला. घाटात कधी न थांबणारा वारा त्या वेळी थांबला, असं म्हणतात. झाडाचं पान हललं नाही आणि बैलाच्या घंटेचा आवाज आला नाही. मग बार झाला. आधी मडकं फुटलेलं दिसलं, आवाज मागून आला, इतकी ती गोळी धावली, असंही म्हणतात. आता ते कसं घडलं हे तुम्ही मला विचारू नका, तिथे जाऊन सांगणाऱ्यांना विचारा.

हैबतीने बंदूक खाली ठेवली नाही. दोन्ही हातांवर घेऊन ती ठकूपुढे धरली.

"माझा हात या घाटात नवा, ही बंदूक नवी, ती दरी नवी," तो म्हणाला. "तरी लागलं. हे कुणी केलं?"

सगळं गाव ऐकत होतं. पाणवठ्यावर बोलणारे आणि पारावर बोलणारे, सगळे तिथेच होते.

"केरू लोहारानं केलं," ठकू म्हणाली. "म्या त्येला फकस्त मिटायला शिकवलं."

पाटलांनी डोळे पुसले आणि ते लपवलेही नाहीत. सरदार मनाचा मोठा होता, किंवा दहा स्वारांसमोर त्याला मोठं व्हावं लागलं, काहीही म्हणा. त्याने राखण गावाकडे कायम केली आणि ठकूला विचारलं, "तुला काय देऊ?"

लोकांना वाटलं जमीन मागेल. ठकू म्हणाली, "केरू गेल्यापासनं आमच्या घराचा वार बंद हाय. त्यो मला द्या."

बाईला राखणीचा वार असं कधी झालं नव्हतं. पण नाही म्हणायला त्या दिवशी कोणाला तोंड नव्हतं. ठकू घोंगडी पांघरून, पान मिटून, लांबडी पाठीला लावून बुरुजावर जाऊ लागली. तिच्या वाराला एकाही बैलाच्या पाठीवरचं मीठ कधी लुटलं गेलं नाही. पुढेपुढे तर लुटारूंनी दुरून नुसता टक आवाज ऐकला तरी ते माघारी वळायचे, असं म्हणतात. ती म्हातारी होऊन गेली त्या सकाळी, लांबडी देवळात खुंटीला होती आणि तिचं पान आपलं आपण उभं राहिलं होतं.

आज खिंडीतून मोटारी जातात आणि मीठ दुकानात मिळतं. लांबडी भैरोबाच्या देवळात आहे, तिच्यातून बार काढत नाहीत. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावच्या बायका अजून घमेली घेऊन दरी उतरतात, चढतात आणि ढालखडकावर चुन्याचा पट्टा ओढतात. दसऱ्याला गावची सगळ्यांत नवी सून देवळात जाऊन पान उभं करते. टक ऐकू आल्याशिवाय कोणी सोनं वाटत नाही. कामाधंद्यासाठी कोणी गाव सोडून निघालं की, वाटेत कुठे अडकू नये म्हणून, वेशीवरची माणसं विचारतात, "पान मिटलंस का?" आणि जाणारा म्हणतो, "मिटलं."

आणि उंबरघळीत नवरा गेला तर बाई एक जोडवं नदीला देते आणि एक पायात ठेवते. परगावच्या कोणी ते पाहून विचारलं तर ती खाली बघत नाही, सरळ बघून सांगते, "आमच्या घराचा वार अजून हाय."