नारव्याच्या तरीवर बक्षिशी फेकत नाहीत

पाहुण्यांनो, नाक दाबलंत तरी आम्हाला राग नाही. ह्या तरीवर, होडीच्या उतारावर, धक्क्याच्या डाव्या अंगाचा हा काळा गाळ असाच घाण मारतो. पूर्वी मासळी साफ करून सारी आतडी इथंच टाकत, म्हणून हा वास, असं सांगतात. आमची जुनी माणसं मात्र वेगळं कारण सांगत.

तेव्हा नारव्याच्या खाडीत परदेशी गलबतं येत. त्यातला एक गोरा व्यापारी मोठा शौकीन होता म्हणे. होडी वल्हवणाऱ्या तारी लोकांनी त्याला ह्या काठाला आणून सोडलं की तो भाडं कारकुनाकडून देववी. बक्षिशी मात्र स्वतः द्यायचा. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून चांदीची नाणी ह्या आतड्यांच्या गाळात भिरकावायचा आणि माणसं कशी तुटून पडतात ते बघत हसायचा. माणसंही पडत. गुडघ्यांवर रांगत, एकमेकांना लाथा घालत, घाणीत कोपरापर्यंत हात खुपसत.

एके दिवशी धाकू तारी आणि त्याचा सख्खा भाऊ गोविंदा, दोघांची बोटं एकाच नाण्यावर पडली. गोविंदा सोडेना. तेव्हा धाकूनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. गोरा टाळ्या पिटू लागला.

धाकूची बायको येसू काठावर होती. नवरा तोंडाला रक्त आणि माशाची आतडी लागलेली, दातांत नाणं धरून हसत वर आला, ते बघून ती तिथंच भडभडून ओकली.

"येसू, अगं चांदी आहे!" धाकू म्हणाला.

"जवळ येऊ नका," ती म्हणाली. "मला तुमची शिसारी येते. त्या गोऱ्याची येते त्याहून जास्त."

तशीच ती गावच्या राखणदार देवाच्या दगडापुढं गेली आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "फेकलेला पैसा उचलीन तर ह्या हातांत किडे पडोत." एकेक करून बाकीच्यांनीही दगडाला हात लावला. धाकू लावायला गेला नाही. तो खाडीत उतरून तोंड धूत बसला होता.

पुढच्या ओहोटीला गोऱ्यानं पुन्हा मूठभर नाणी उधळली. कोणी हललं नाही. ह्यांना ती दिसली नसतील असं वाटून तो बोटानं दाखवायला पुढं वाकला, आणि तोल जाऊन गाळात पडला. बघता बघता कमरेपर्यंत रुतला. त्याचे खलाशी होडीतून ओरडत राहिले. त्या घाणीत पाय घालायला एकही तयार होईना. भरतीचं पाणी आत येऊ लागलं. घाबरून त्यानं कमरेची थैली सोडली आणि काठाकडं फेकली. ती गाळात पडली, तिच्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही.

मग येसू फळी टाकून पोटावर सरपटत त्याच्यापर्यंत गेली.

"थैली नको," ती म्हणाली. "हात दे."

त्याला भाषा कळली नसेल, पण तिचा पसरलेला पंजा कळला. काठावर आला तेव्हा तोही माशांच्या घाणीनं बरबटला होता. त्यानं बोटातली अंगठी काढून तिच्यापुढं धरली. येसूनं मान हलवली आणि गोविंदाकडं बोट केलं. चावलेलं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं. गोऱ्यानं त्याच्याजवळ जाऊन, दोन्ही हातांनी, अंगठी त्याच्यापुढं केली. गोविंदानं आधी हात धुतले, त्याला तसंच ताटकळत ठेवलं, आणि मग घेतली.

तेव्हापासून इथं प्रवासी होडीतून उतरतो, तारीसमोर जमिनीवर उभा राहतो, त्याचं नाव विचारतो आणि द्यायचं ते हातात देतो. नाही दिलं तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. होडीतून फेकलं, तर कितीही मोठी रक्कम असो, ती गाळातच राहते. हा वास त्या कुजणाऱ्या पैशाचा, असं जुनी माणसं सांगत.

धाकूला येसूनं घरात घेतलं, पण मरेपर्यंत त्याच्या ताटात जेवली नाही, असं म्हणतात. त्यानं पुन्हा कधी बक्षिशीला हात लावला नाही. आजही त्याच्या घराण्यातला तारी भाडं तेवढं घेतो. तुम्ही आदरानं, दोन्ही हातांनी पुढं केलंत, तरी तो हात मागं घेतो. रागावू नका. मीही त्याच घरातला आहे.