एक फाइल, एक तंबोरा

बुद्धिबळाचा खेळ सुरू केला की धान्यकोठाराच्या हिशेबाचा प्रोग्राम बंद पडायचा, आणि कोठार सुरू केलं की बुद्धिबळ! चिंचगडच्या दरबारातला एकुलता एक संगणक हट्टाला पेटला होता. त्याच्याहून हट्टी होते महाराज दुर्जयसिंह.

"निवृत्ती! उद्या सूर्य मावळायच्या आत दोन्ही चालले पाहिजेत. नाहीतर चंबूगबाळं आवर आणि राज्याबाहेर चालता हो!"

संगणक सांभाळणारा निवृत्ती हात जोडून पुढे झाला. बाहेर कोठारापाशी लोक रिकामी पोती घेऊन ताटकळत होते. हा खेळ संगणकात घालायचा हट्ट मुळात महाराजांचाच! पण हे बोलणार कोण?

"महाराज, पडद्यावर आकडे उमटवणारी एक फाइल दोघांत सामाईक आहे," तो चाचरत म्हणाला. "कोठाराला जुनी लागते. खेळानं येताना आपली नवी आणली आणि जुनीच्या जागी बसवली. दोघांना आपापली दिली तर..."

"एका नावाच्या दोन फाइली? माझ्या राज्यात?" महाराज गरजले. "आज दोन फाइली चालवून घेतल्या, तर उद्या दोन राजे होतील! फाइल एकच राहील!"

दिवाणजींनी मान डोलावली. पगार त्यांना त्याचाच मिळत होता.

निवृत्ती घरी येऊन कपाळाला हात लावून बसला. त्याची बायको गोजरा दरबारच्या गवयांचे तंबोरे जुळवून द्यायची. तिनं सगळं ऐकलं आणि खुदकन हसली.

"अगं, माझी देशोधडीला लागायची वेळ आलीय आणि तू हसतेस?"

"अहो, तुमच्या फाइलीचं दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं आहे. उद्या दरबारात गाणं आहे ना? तेवढं होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. एकीकडे खर्जातले दामूबुवा, दुसरीकडे उंच पट्टीच्या अंबूबाई, आणि मध्ये गोजरानं ठेवलेला तंबोरा एकच!

बुवांनी खुंट्या पिळून तंबोरा आपल्या पट्टीत उतरवला आणि सूर लावला. वाहवा! मग बाईंची पाळी. त्यांनी त्याच खुंट्या उलट्या पिळल्या, तारा चढवल्या आणि तान घेतली. वाहवा! पुन्हा बुवांनी तोंड उघडलं, तर तंबोरा एकीकडे आणि बुवा भलतीकडे! बुवांनी खुंटी धरली, बाईंनीही धरली. "सोडा!" "तुम्ही सोडा!" महाराजांनी कानांवर हात ठेवले.

"बंद करा हा गोंधळ! गोजरा, हे काय चालवलंयस?"

"आपलाच नियम, महाराज!" गोजरानं पदर सावरत सांगितलं. "तंबोरा एकच राहील. आज दोन तंबोरे झाले, तर उद्या दोन राजे होतील!"

"अगं, तंबोऱ्यानं कुठं कोणी राजा होतो? ज्याची पट्टी त्याचा तंबोरा! दोघांना वेगवेगळे दे आणि ज्याचा त्याच्यापाशी ठेव. हा माझा हुकूम!"

"ऐकलंत ना, अहो?" गोजरा नवऱ्याकडे वळली. "हुकूम झाला! जुनी फाइल कोठाराच्या घरात, नवी खेळाच्या घरात. प्रत्येक प्रोग्राम आधी आपल्या घरात बघतो, असं तुम्हीच सांगत होतात ना? मग चौकातल्या सामाईक फाइलीवरून कोण भांडेल?"

दिवाणजींना मान कुठं डोलवावी कळेना. निवृत्तीनं दोन्ही फाइली आपापल्या जागी ठेवल्या आणि संगणक चालू केला. कोठाराचे आकडे झळकले, शेजारी बुद्धिबळाचा पटही मांडला गेला! बाहेर पोती भरू लागली.

महाराजांची नजर पटावरून गोजराकडे गेली. "म्हणजे माझाच नियम माझ्याच तोंडून मोडवलास?"

"छे, महाराज! मी फक्त सूर लावून दिला. गायलात आपणच."

महाराज पोट धरधरून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी गोजराला दिलं, निवृत्तीला धान्याची बैलगाडी दिली आणि घाईघाईनं खेळायला बसले. थोड्याच वेळात संगणकानं त्यांच्या राजावर मात केली.

"निवृत्ती!" महाराज ओरडले. "फाइल बिघडली रे!"

"नाही, महाराज," कडं मनगटात चढवत गोजरा म्हणाली, "फाइल अगदी ठीक आहे, बिघडला तो डाव!"

महाराजांना पुन्हा इतकं हसू लोटलं, की दुसरं कडंही काढून द्यावं लागलं!