होळीवरचा पाळणा

एक होती राणी. हिराई तिचं नाव. राणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच हिरे-माणकं येणार, ठाऊक आहे मला. पण हिचं राज्य ते केवढं? चार गावं आणि एक ओढा. ताक स्वतः घुसळायची आणि राजा जेवायला उशिरा आला की त्याला चांगली फैलावर घ्यायची. पाय आत घे रे शशी, बबीचं पांघरूण ओढू नकोस.

तर या राणीला पुष्कळ नवसांनी एक लेक झाली. तिचं नाव छबू. मग माहेराहून एक पाळणा आला. शिवणीच्या लाकडाचा, आपल्या पायांवर डुलणारा. राणी स्वतः त्यातच लहानाची मोठी झालेली. आणि त्या पाळण्याची एक गंमत होती, बरं का. तो आपला आपण हलायचा! दोरी नको, हात नको. बाळ आत ठेवलं की कुर्र-कुर्र, कुर्र-कुर्र, आणि छबू डाराडूर. राणी खुशाल आपल्या कामाला लागायची. "माझी लेक कशी शहाणी, रडणं म्हणून ठाऊक नाही तिला," असं येईल-जाईल त्याला सांगायची.

मग आला शिमगा. त्या राज्यात शिमग्याची काय धमाल, काय विचारता! लांब गेलेली माणसं घरी यायची, हलगी घुमायची, दारोदार पुरण शिजायचं. आणि पोरं? पोरं आठ दिवस आधीपासून लाकडं चोरत हिंडायची. उघड्यावर दिसलं की उचललं. गवऱ्या, ओंडके, मोडकी बाज, जे मिळेल ते. होळीसाठी चोरलं तर त्याला कुणी चोरी म्हणत नाही. राजाचा हुकूमच होता तसा. होळीवर चढलं ते होळीचं, मग ते राजाचं असो नाहीतर रंकाचं. परत मागायचं नाही.

आदल्या वर्षी भागाक्काच्या गोठ्याचं दार गेलं होतं. म्हातारी बिचारी रडत वाड्यावर आली, तर ही राणीच खो-खो हसली. "अहो भागाक्का, होळीवर चढलं ते होळीचं!" म्हणाली. दुसऱ्याच्या दाराला हसायला काय जातंय?

मग यंदा काय झालं, होळीला चार दिवस होते, आणि राणीनं पाळणा अंगणात उन्हाला ठेवला. ढेकूण झाले म्हणून. हसतेस काय बबी, राणीच्या घरी ढेकूण होत नाहीत वाटतं? पण शिमग्याच्या दिवसांत लाकूड अंगणात ठेवायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ती तेलाची वाटी आणायला आत गेली, बाहेर येते तो पाळणा गायब! पोरांची म्होरकी होती येसू. पुढचे दोन दात पडलेले आणि अंगात वारं भरलेलं. तिनं पाळणा डोक्यावर घेतला आणि थेट होळीच्या टोकावर नेऊन चढवला.

इकडे छबूची झोपायची वेळ झाली. तिनं डोळे चोळले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि असा टाहो फोडला, असा टाहो फोडला, की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या.

मग राणी धावली राजाकडे. "अहो, माझा पाळणा आणवा."

राजा म्हणाला, "हुकूम माझाच आहे. मीच मोडला, तर उद्या पाळेल कोण?"

"मग घ्या, निजवा तुम्हीच लेकीला!"

राजानं निजवायला घेतली, तर छबूनं त्याच्या मिशीचे केस उपटले.

मग राणीनं सुतार बोलावला. त्यानं सागाचा नवा पाळणा केला, वर रंगीत राघू बसवले. छबूनं एका राघूला लाथ मारली आणि पुन्हा सूर लावला.

मग राणी गावात गेली, पदर पसरून म्हणाली, "बायांनो, माझा पाळणा तेवढा द्या." भागाक्का कमरेवर हात ठेवून पुढे आली. "राणीसाहेब," म्हणाली, "होळीवर चढलं ते होळीचं, नाही का हो?" राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवस गेले तसं छबूनं दूध सोडलं. डोळे खोल गेले, अंग तापलं. वैद्यबुवा नाडी बघून म्हणाले, "औषध कसलं देऊ? हिला झोप हवी. उद्यापर्यंत झोपली नाही, तर लेकरू हातचं जाईल." राणी उठे, बसे, पुन्हा उठे. तिचं चित्त ठिकाणावर राहीना.

आणि तिकडे होळीचं काय चाललं होतं ठाऊक आहे? तो पाळणा रिकामाच हलत होता! कुर्र-कुर्र, कुर्र-कुर्र. त्याच्या हिसक्यानं खालचे ओंडके सुटायचे आणि होळी धडाधड कोसळायची. पोरांनी पुन्हा रचावी, त्यानं पुन्हा पाडावी. होळी उभीच राहीना, तर पेटवायची कशी? पाहुणे आले, पुरण शिजलं, आणि गाव नुसतं येरझारा घालतंय. कुणाला घास गोड लागेना.

होळीचा दिवस उजाडला. दुपारी पुरणपोळीचा वास सुटला तशी पहाऱ्यावरची पोरं घराकडे पळाली. राणी याचीच वाट बघत होती. तिनं ठरवलं, मागून मिळत नाही ना, मग चोरायचाच! तिनं छबूला पाठुंगळी बांधलं, कासोटा खोचला आणि चढली होळीवर. काय अवतार तिचा! हाताला काटे, तोंडाला धूळ. एक ओंडका, दुसरा ओंडका, हात आता पाळण्याला लागणार, तोच सगळा ढीग घसरला आणि राणी धपकन खाली गवऱ्यांवर बसली.

"चोर! चोर!" येसू पोळी तोंडात धरूनच ओरडत आली. मागून सगळा गाव आला, राजाही आला.

आता होळीचं लाकूड चोरताना जो सापडेल, त्यानं बोंब ठोकत होळीभोवती पाच फेऱ्या धावायच्या, हा रिवाज. येसूनं राजाकडे बघितलं. राजानं मान खाली घातली.

"धावते," राणी म्हणाली.

ती निघाली. पहिल्या फेरीला लाजत लाजत तोंडाशी हात नेला, जेमतेम चिमणीएवढा आवाज निघाला. "ऐकू नाय आलं!" येसू म्हणाली. मग दुसऱ्या फेरीला राणीला राग आला. पोरांचा, राजाचा, पाळण्याचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिसऱ्या फेरीला ती रडायलाच लागली. रडत होती, धावत होती, बोंबलत होती, आणि पाठीवर छबू हिंदकळत होती. चौथी झाली, पाचवी झाली. मग ती थांबली. बघते तर पाठीवरून रडण्याचा आवाजच नाही.

"छबू! अगं छबू!" तिनं गाठ सोडायला घेतली, तर ती सुटेना. भागाक्कानं पुढे होऊन गाठ सोडली, पोरीच्या नाकाशी हात धरला आणि हसायलाच लागली. "अहो, घोरतेय ही!"

राणीनं लेकीला छातीशी धरलं. ऊन ऊन अंग, लाळेनं भिजलेली हनुवटी. तिच्या लक्षात आलं, ही आपल्या अंगावर आजवर कधी झोपलीच नव्हती. आपल्यालाही आईनं कधी थोपटल्याचं आठवत नाही. पाळणा होता ना! राणी तिथंच बसली आणि हमसून हमसून रडली.

आणि बरं का, त्याच घडीला पाळण्याची कुर्र-कुर्र थांबली.

येसू जवळ आली. पोरगीच ती, तिलाही भरून आलं होतं. "राणीसाहेब, घेऊन जा तुमचा पाळणा. आम्ही तिकडं बघतो." खरंच सगळ्या पोरांनी पाठ फिरवली. मग गावानं फिरवली. राजानंसुद्धा फिरवली.

राणीनं पाळण्याकडे खूप वेळ बघितलं. माहेरची तेवढीच एक वस्तू होती तिच्याकडे. जीव तुटत होता तिचा. पण ती छबूला थोपटत म्हणाली, "फिरा इकडं. राहू दे तो वर. लेक मी निजवेन माझी."

मग होळी रचली, ती पडली नाही. तिन्हीसांजेला पेटवली. नैवेद्य दाखवला, हलगी कडाडली, गावानं अशी बोंब ठोकली की ओढ्यापलीकडे ऐकू गेली. आणि छबू? आईच्या खांद्यावर गाढ. दुसऱ्या दिवशी उठली ती दूध मागतच.

मग काय, राणी एका हातानं ताक घुसळायची आणि एका हातानं लेकीला थोपटायची. ताक सांडायचं थोडं, सांडू दे. राजा सुखात, राणी सुखात, भागाक्का सुखात. बबी झोपलीसुद्धा बघ. शशी, तू का टकटक बघतोयस? ये, इकडे सरक. डोकं ठेव माझ्या मांडीवर.