डोहावरचा सत्तापिपासू

प्राणी माणसांपेक्षा मोकळं बोलायचे ना, तेव्हाची ही गोष्ट! उन्हाळ्यात नदी आटली आणि एकच डोह उरला. भैरू एडका काठच्या खडकावर चढून ओरडला, "आजपासून मी राजा! मला विचारल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचं नाही!"

सगळे घाबरून थांबले. गंमत म्हणजे त्याचाही घसा सुकला होता, पण उतरलो तर खडक जाईल म्हणून गडी हलेना.

"टिटवीमावशी, हा असा काय गं?" हरणाच्या पाडसाने विचारलं.

"सत्तापिपासू आहे बाळा. पिपासा म्हणजे तहान. याला पाण्यापेक्षा हुकमाची तहान मोठी!"

"मग हुकूम ऐकायला कोणी उरलंच नाही तर?"

झालं! सगळे निघाले आणि लांब पात्रातल्या वाळूत खुरांनी झिरा उकरायला लागले. थोड्याच वेळात गार पाणी वर आलं. काय तो जल्लोष, विचारू नका!

आता अख्खा डोह एडक्याचा होता. पण त्यातला एक घोटही न पिता तो धापा टाकत झिऱ्यापाशी आला आणि म्हणाला, "इथला राजा कोण?"

"कोणीच नाही!" सगळे ओल्या तोंडांनी ओरडले.

पाडस खिदळलं, "मावशी, आत्ता कळला शब्द!"