सुकेळीच्या मांडवावरची गिटार

“एवढीशी?” जेर्वासने विचारलं.

त्याच्यापुढे ओटीवर दोन गिटारी ठेवल्या होत्या. एक मोठी, गोऱ्यापान फळीची, पॉलिशचा वास अजून न गेलेली. दुसरी लहान, आणि रंगाने करपलेल्या साखरेसारखी. बस्त्याव मास्तरांचं बोट या लहान गिटारीवर होतं.

“एवढीशीच,” मास्तर म्हणाले.

वसईतल्या आमच्या गावात मास्तरांचा ओरडा न खाल्लेला गिटारवाला शोधून सापडायचा नाही. सकाळी शिकवणी, दुपारी ओटीवर दुरुस्ती. विकायला कायम दोनच गिटारी. तिसरी ठेवली की गिऱ्हाईक भांबावतं, असं त्यांचं म्हणणं. मीही त्यांचाच शिष्य. त्या दिवशी मेंडोलिनची खुंटी बसवून घ्यायला गेलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांवर पडलं.

जेर्वास मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. सोमवारी निघायचं होतं, नऊ महिन्यांसाठी. हात गोड, आणि ते त्याला ठाऊक होतं.

“मास्तर, जहाजावर फिलिपिनो पोरं आहेत. एकाहून एक वाजवतात. हे खेळणं नेलं तर हसतील.”

“हसू देत. दमलेल्या माणसांना तेवढंच बरं.”

“आणि आवाज? इंजिनाच्या वर निघायला नको?”

“नोकरीला चाललास की इंजिनाशी भांडायला?”

जेर्वास जवळ सरकला. मग हळू आवाजात म्हणाला, “चेष्टा नका करू, मास्तर. मागच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात गिटार गेली. पुढचे सहा महिने लोखंड आणि पाणी, पाणी आणि लोखंड... मी एकटाच बडबडायला लागलो होतो. या वेळी नेईन ती टिकलीच पाहिजे. नाहीतर मी टिकत नाही.”

मास्तरांनी मान हलवली. “ती गेलेली आणलीस?”

आणली होती. जेर्वासने ती खोळीतून काढली आणि नजर दुसरीकडे वळवली. शिक्षण पुरं झालं त्या दिवशी मास्तरांनीच त्याला दिलेली गिटार. वरची फळी उभी चिरली होती आणि तारा धरून ठेवणारी पट्टी उखडून वर आली होती.

मास्तर तिच्यावरून हात फिरवत राहिले...

“कशानं?”

“खाऱ्या हवेनं. जहाजावरच.”

मास्तरांनी गिटार उलटी केली आणि हलवली. पोटातून सुक्या गवताची एक काडी खाली पडली. मग दुसरी.

“जहाजावर गवत उगवतं?”

जेर्वासच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“आत्याची सुकेळी कशी झाली यंदा?” मास्तरांनी विचारलं.

आमच्याकडे राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात घालतात. संध्याकाळी सुक्या गवतात गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हात. मधूनमधून परतायची. आठवड्याभरात केळं आक्रसून बोटाएवढं होतं, सोनेरी आणि गोडमिट्ट, आणि महिनोन् महिने टिकतं. ही सुकेळी. आता मोजक्याच घरांत करतात. जेर्वासची आत्या करते.

“फुगली होती, मास्तर,” जेर्वास म्हणाला. “ओल धरून पोट वर आलेलं. वाजायचीच नाही. घरी आल्यावर वाटलं, चार दिवस ऊन दाखवलं की बसेल खाली. आत्याच्या मांडवावर ठेवली.”

“आणि संध्याकाळी गवतात गुंडाळलीस.”

“...हो.”

“मग?”

“तिसऱ्या दिवशी दुपारी कडकन आवाज आला. आत्या धावत आली. म्हणाली, नारळ पडला की काय.”

मला हसू आवरेना. मास्तरांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग त्यांचंच पोट हलायला लागलं. जेर्वासचा जीव भांड्यात पडला.

“मग थाप कशाला मारलीस?”

“तुम्ही दिलेली होती... माझ्या हातून मेली, असं कुठल्या तोंडानं सांगू?”

मास्तरांनी चिरलेली गिटार बाजूला ठेवली. ती लहान गिटार उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“वाजव.”

जेर्वासने एकदाच हात फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला. एवढ्याशा पेटीतून तो आवाज येईल असं मलाही वाटलं नव्हतं. कोरडा, मोकळा, वर्षानुवर्षं वाजत आलेल्या वाद्याचा असतो तसा.

“किती वर्षांची आहे?”

“गेल्या नाताळाची.”

“मग आवाज इतका पिकलेला कसा?”

“वरची फळी भट्टीत भाजलीय. बंद भट्टीत, बेतानं. पाणी गेलं, चीक गेला. आता दमट हवेत फुगायला तिच्यापाशी फारसं काही उरलेलं नाही. बाकीचं अंग थरावर थर चिकटवलेल्या लाकडाचं, तेही सहसा हलत नाही. तुझ्या झोपायच्या बंकच्या डोक्याशी मावेल. फक्त आपटू नकोस. ओल सोसेल, आपटणं नाही सोसायची.”

जेर्वासच्या अंगातला जुना जेर्वास जागा झाला. “म्हणजे मी केलं तेच की! बनवणाऱ्यांनी भट्टीत घातली, मी उन्हात. मग त्यांची पिकली आणि माझी फुटली, ती का?”

मास्तर ओटीवरून उठले. चपला शोधल्या.

“त्यांनी फळी जोडायच्या आधी तापवली,” ते म्हणाले. “तू जोडल्यावर.”

आणि अंगणात निघून गेले. तिथे मास्तरीणबाईंचा मांडव होता, आणि दुपारी केळी परतायचं काम मास्तरांकडे होतं.

जेर्वास बसून राहिला...

तो कशाचा विचार करतोय हे मला कळत होतं. मास्तर पहिली दोन वर्षं कुणाला गाणं देत नसत. तारांखाली घडी घातलेला रुमाल सारायचे, म्हणजे आवाजच निघायचा नाही. नुसती बोटं. गाणं जोडायच्या आधी दोन वर्षं बोटं आणि रुमाल. लग्नात वाजवायची स्वप्नं घेऊन आलेली पोरं रडकुंडीला यायची. जेर्वास दोनदा पळाला होता. मी तीनदा. यात काही भूषण नाही, पण खरं ते खरं.

थोड्या वेळाने तो उठला. गिटार छातीशी धरून अंगणात गेला. मीही गेलो. असल्या वेळी ओटीवर बसून राहण्याएवढा मी संत नाही.

“मास्तर, ती दोन वर्षं... तो रुमाल.”

“हं.”

“मी तुम्हाला शिव्या घालायचो. मनातल्या मनात.”

“मनातल्या मनात? कुंपणापर्यंत ऐकू यायच्या.”

जेर्वास हसला नाही.

“जहाजावर गिटार गेल्यावर मी बंकवर आडवा पडून छातीवर बोटं चालवायचो. आवाज नाही, काही नाही. रोज तासभर. सहा महिने. तुमच्या रुमालानं सवय लावली होती, म्हणून जमलं. दुसरा कुणी असता तर वेडा झाला असता, मास्तर. मी झालो नाही... एवढं सांगायला आलो होतो. गिटारीचं निमित्त.”

त्याने हात जोडले. डोळे भरून आले होते. माझेही आले. त्या रुमालाबद्दल मी कधी मास्तरांचे आभार मानले नव्हते, आणि त्या अंगणात मला त्याची फार लाज वाटली. मी मनातच मानून घेतले. कुंपणापर्यंत गेले असतील तर गेले.

मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात केळ्यांनी चिकट झाला होता, तसाच ठेवला.

“जुनी इथेच ठेवून जा,” ते म्हणाले. “परत येशील तोवर नवी फळी बसवतो.”

मास्तरीणबाई आतून सुकेळीची पुडी घेऊन आल्या आणि त्याच्या हातात कोंबली. “जहाजावर एकटाच खाऊ नकोस. त्या फिलिपिनो पोरांनाही दे,” म्हणाल्या.

जेर्वासने लहान गिटार खोळीत घातली. खोळ तिला मोठी होत होती. फाटकापर्यंत गेला आणि वळला.

“मास्तर, मग आता मी टिकेन ना? भाजून झालं ना माझं?”

मास्तरांनी मांडवावरचं एक केळं उचललं. उन्हात धरून नीट पाहिलं. मग उलटं करून परत ठेवलं.

“एक बाजू झाली.”